‘समजलं का?’ ‘हो मॅडम!’

‘सर, मी शिकवते तेव्हा वर्ग चिडीचूप असतो. समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. मग चाचणीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत, असं कसं? मला शिकवताच येत नाही का?’

निवृत्तीनंतर मी नव्या प्राध्यापकांना शिकवण्याच्या बाबतीत मदत करतो. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक मॅडम घरी आल्या. नागपूरच्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर, अर्थशास्त्र शिकवत होत्या. कापसाच्या भावावर पीएचडी, नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास. विषय पक्का.

आपल्याकडे शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. महाविद्यालयात नेट, सेट किंवा पीएचडी असली की भागतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण तिथे चारांतला एक पर्याय निवडायचा असतो. सत्तर पोरांसमोर उभं राहायची परीक्षा कुणी घेत नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षं फळ्याशीच बोलत होतो. वर्गाकडे पाहिलं तर पुढचं वाक्य विसरेन, अशी भीती वाटायची.

‘तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसू का?’ मी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. मी जे टिपेन ते फक्त त्यांच्याच हातात देईन, प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना एक अक्षरही कळणार नाही, असं सांगितल्यावर त्या तयार झाल्या. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते त्याच्यासाठी ही अट सगळ्यात मोठी असते. ती पाळता येणार नसेल तर कुणी कुणाच्या वर्गात बसूच नये.

बी.ए.चं पहिलं सत्र, विषय मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. भावापेक्षा मागणी जास्त टक्क्यांनी बदलली तर लवचीक, कमी बदलली तर अलवचीक. अठ्ठेचाळीस मिनिटांत मॅडमनी एकोणीस वेळा ‘समजलं का?’ विचारलं. मी दर वेळी मनात आकडे मोजत होतो. ‘एक’ व्हायचा, ‘दोन’ कधी आलाच नाही, तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. माझ्या शेजारचा पोरगा वही भरत होता. फळ्यावरच्या दोन रेषा त्याने नेमक्या उलट्या लिहिल्या होत्या : आडवट रेषेवर ‘अलवचीक’, उभट रेषेवर ‘लवचीक’. आणि एकोणिसाव्या वेळीही मान वर न करता तो म्हणाला, ‘हो मॅडम.’

मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी मॅडमना तेच सांगितलं, मनात पाचपर्यंत मोजा.

दोन दिवसांनी फोन आला. ‘दहापर्यंत मोजलं सर. कुणी तोंड उघडलं नाही. मीच रडकुंडीला आले.’

चूक माझी होती. ‘समजलं का?’ याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तरच नसतं. चाळीस जणांत ‘नाही’ कोण म्हणेल? अशा प्रश्नानंतर दहा मिनिटं थांबलं तरी काय निघणार! थांबायला हवं हे खरं, पण आधी डोकं खाजवावं लागेल असं काहीतरी पुढे ठेवायला हवं.

मग आम्ही प्रश्न घडवायला बसलो. पुस्तकातलं चहा-कॉफीचं उदाहरण बाजूला ठेवलं. मिठाचा पुडा वीसचा चाळीस झाला, तर घरी मीठ निम्मं आणाल का? आणि संत्री पन्नासची शंभर रुपये किलो झाली तर? आधी मिनिटभर ज्याने त्याने वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, त्यानंतरच दोन-तीन जणांनी वर्गापुढे बोलायचं. पुढच्या बाकावरून उत्तर आलं तरी लगेच ‘बरोबर’ म्हणायचं नाही. आलेख सगळ्यात शेवटी.

बोलता बोलता त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘ऑगस्टमध्ये एकाने काहीतरी विचारलं होतं. मला येईना. पोरं हसली. तेव्हापासून...’ पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांच्या बोलण्याचा वेग कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. प्रश्नाला फट मिळू नये म्हणून त्या धावत होत्या.

मीठ-संत्र्याच्या तासाला व्हायचं तेच झालं. काटोलकडच्या एका पोराने उठून विचारलं, ‘मॅडम, संत्रा जास्त झाला का माह्या बाबाले पैसे कमी काहून भेटते?’ वर्ग त्यांच्याकडे पाहायला लागला. आम्ही एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, तेच त्यांनी वापरलं : ‘याचं नीट उत्तर द्यायचंय, उद्या आकडे घेऊन येते.’ या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर समजण्यापुरते आकडे मांडले. गेल्या साली शंभर कॅरेट, पाचशेचा भाव, पन्नास हजार आले. यंदा कॅरेट एकशेवीस, पण कळमन्याच्या बाजारात सगळ्यांचाच माल एकदम उतरला आणि भाव साडेतीनशेवर आला. बेचाळीस हजार. माल वीस टक्क्यांनी वाढला, भाव तीस टक्क्यांनी पडला. ‘भाव तीस टक्के पडूनही खप वीसच टक्के वाढला, तर ही मागणी लवचीक की अलवचीक?’ एवढं विचारून त्या गप्प राहिल्या. ‘अलवचीक’ हे उत्तर मागून आलं, तेही कारणासकट. एकट्या बाबाचा माल वाढला असता तर भाव पडला नसता, हेही एका मुलीनेच सांगितलं.

सगळं जागेवर आलं असं मात्र नाही. दोनची एस.टी. गाठणारी पोरं अजूनही शेवटची दहा मिनिटं घड्याळाकडेच बघतात. आणि डिसेंबरात मॅडमची नवी तक्रार आली : ‘सर, वर्ग बोलतो, पण माझं एक युनिट मागे पडलं.’ मी म्हटलं, शनिवारी अभ्यासक्रम आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन या. घरी वाचायला काय देता येतं ते बघू.

‘पुन्हा मागच्या बाकावर येता का?’ त्यांनी विचारलं.

आता मी नाही येत, म्हटलं. तुमच्या शेजारच्या विभागात दोन सीएचबीवाले नवे लागलेत ना? त्यांना विचारून पाहा, आणि आधी त्यांना तुमच्या वर्गात बसू द्या.