दोन्ही वेळ भात खातो, पायाला मुंग्या येतात. बी-1 कमी झालं असेल का? गोळी सुरू करू का?

ऐरोलीत ऑफिस, दुपारी कॅन्टीनचा भात, रात्री घरचा भात आणि महिनाभर पायाला मुंग्या, असं तुम्ही लिहिलंय. गोळीचं शेवटी बघू. आधी भाताचं, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कॅन्टीनचे मेनू मी बसवते आणि हा वाद घालून घालून माझा घसा बसलाय.

दोष भाताचा नाही, पॉलिशचा आणि पातेल्याचा. थायमिन, म्हणजेच जीवनसत्त्व बी-1, असतं कोंड्यात आणि अंकुरात. पांढऱ्याशुभ्र तांदळात 100 ग्रॅममागे 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास उरतं. मोठ्या माणसाला दिवसाला 1.2 ते 1.4 मिलिग्रॅम लागतं, अंगमेहनतीचं काम असेल तर जास्त. जावामध्ये आइकमान या डच डॉक्टरांच्या कोंबड्या 1890 च्या दशकात सडीक तांदळावर लुळ्या पडल्या, कोंडा घातल्यावर उठल्या. एवढं माहीत असूनही कंत्राटदाराला भात ‘मोकळा आणि पांढरा’च हवा असतो.

बरं, जे उरलंय तेही आपण मोरीत ओततो. तांदूळ चोळून चोळून पाच पाण्यांनी धुवायचा, भरपूर आधणात शिजवायचा आणि वर ओसवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी काढून टाकायचं. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे पेजेबरोबर तेही गेलं. एकदा किंवा दोनदा हलक्या हाताने विसळा, बेताच्या पाण्यात शिजवा. ओसवायचाच असेल तर ती पेज आमटीत घाला.

सगळ्यात सोपा उपाय आपल्या कोकणात आधीपासून आहे: उकडा तांदूळ. भात सालासकट भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत घालतात. उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं आणि दाणा घट्ट होतो, म्हणून पॉलिश करूनही साध्या पांढऱ्याच्या तिपटीच्या आसपास टिकतं. पण तो साध्या तांदळासारखा लावला की कच्चा राहतो, आणि ‘लोक खात नाहीत’ म्हणून पोतं परत जातं. एका वाटीला तीन वाट्या पाणी घ्या, तासभर भिजवा, त्याच पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिटी उचलली तर मधोमध कणी राहते.

आता खाण्याच्या सोड्याचं. एका कॅन्टीनच्या महाराजांशी माझं यावरून कायमचं वाजलेलं आहे. उसळीचे पांढरे वाटाणे शिजत नाहीत म्हणून ते चमचाभर खाण्याचा सोडा टाकतात. वाटाणा लोण्यासारखा होतो खरा, पण सोड्याच्या अल्कलीत थायमिन टिकत नाही, त्यात उष्णता मिळाली तर अजिबात नाही. ‘मॅडम, सोड्याशिवाय कडकच राहतात.’ राहणारच, कारण पाणी बोअरचं! जड पाण्यातलं कॅल्शियम साल मऊ होऊ देत नाही. भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी घ्या, भिजवताना चिमूटभर मीठ टाका, आठ तास भिजू द्या, मग कुकर. टोमॅटो आणि आमसूल वाटाणा बोटाने दाबला जायला लागल्यावरच घाला, आधी आंबट पडलं तर तो मऊ व्हायचा थांबतो. तरी कडक राहिला तर माल जुना आहे, तिथे सोडा लावून लपवाछपवी करू नये.

बाकी हिशेब सरळ आहे. चाळून कोंडा न काढलेल्या कणकेच्या तीन पोळ्या म्हणजे साधारण 0.4 मिलिग्रॅम. मूठभर कच्चे शेंगदाणे 0.2 च्या आसपास. खमंग भाजले की त्यातलं बरंचसं गेलं, म्हणून कधी कूट न करता भिजवून खा. डाळी आणि तीळही चांगले. शरीरात साठा जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा. पिष्ट आणि साखर जाळायला हेच लागतं, म्हणून नुसता भात आणि गोड चहा यावर दिवस काढणाऱ्याला दुहेरी फटका.

आता तुमच्या मुंग्या. डाळ, पोळी, भाजी खाणाऱ्या, दारू न पिणाऱ्या माणसात बी-1 हा पहिला संशयित नसतो. आधी बी-12 आणि साखर तपासा, त्यातही शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर नक्कीच. रक्त तपासणीला दिल्यावर गोळी, आधी नाही. बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-12 ही असतं, त्याने रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. लघवी पिवळीधमक झाली तर ती बी-2 मुळे, ‘गोळी लागू पडली’ म्हणून नव्हे. बी-1 ने डास चावत नाहीत हेही खोटं, खाडीकाठी राहणाऱ्यांनी मच्छरदाणीच लावावी.

खरा धोका रोज पिणाऱ्यांना, गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्यांना, वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांना. यांच्यापैकी कुणी काही दिवस उपाशी असेल आणि सलाइन लागणार असेल, तर डॉक्टरांना हे आधी सांगा. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-1 ही संपतं आणि मेंदूवर बेततं: बरळणं, झोकांड्या जाणं, डोळ्यांची बुबुळं नीट न हलणं. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. एक जरी दिसलं तरी गोळीवर भागवू नका, तिथे शिरेतूनच द्यावं लागतं.

आणि महाराज, हे वाचत असाल तर वाटाण्याच्या पोत्यावरची तारीख बघून मला कळवा.