क्रोमबुक शाळेचे, संध्याकाळ घरची

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईने लिहिले आहे की, त्यांचा सहावीतला मुलगा दुपारी चार वाजता शाळेने दिलेल्या क्रोमबुकसमोर (गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपसमोर) बसतो आणि रात्री साडेनऊ वाजले तरी त्याचा गृहपाठ संपलेला नसतो. काय चालले आहे असे विचारले की ‘शाळेचेच काम करतोय’ हे उत्तर तयार असते, आणि ते पूर्णपणे खोटेही नसते. वडील क्रोमबुक काढून घेईन म्हणतात. पण ते काढून घेतले तर गृहपाठ करायचा कशावर?

आधी गृहपाठ खरोखर किती आहे ते पाहावे. अमेरिकेत पालक-शिक्षकांची संघटना नॅशनल पीटीए आणि शिक्षकांची संघटना एनईए या दोघी ‘इयत्तेमागे दहा मिनिटे’ हा ढोबळ हिशेब मान्य करतात, म्हणजे सहावीला साधारण एक तास. शिक्षकांनी थोडे जास्त दिले असे धरले, तरी साडेपाच तास होत नाहीत. उरलेला वेळ जातो कुठे, हे रागावण्याआधी एक संध्याकाळ शेजारी बसून पाहिलेले बरे, आणि तेही स्वतःचा फोन बाजूला ठेवून.

मला ते आमच्या घरी अपघाताने दिसले. डिसेंबरात इथे पाच वाजताच अंधार पडतो. मुलगी जेवणाच्या टेबलाशी आमच्याकडे तोंड करून बसली होती, तिच्या पाठीमागे अंगणात उघडणारे काचेचे दार होते, आणि मी ओट्याशी कांदा चिरता चिरता वर पाहिले तर तिचा अख्खा स्क्रीन त्या काळ्या काचेत उमटलेला. अक्षरे उलटी होती, पण विज्ञानाच्या अहवालाखाली चार रंगांचे चार कर्सर एकमेकांच्या मागे उड्या मारताना स्पष्ट दिसत होते. चौघी मैत्रिणी गूगल डॉक्समध्येच, म्हणजे सर्वांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या त्या ऑनलाइन कागदावरच, गप्पा मारत होत्या. कोणतीही बंदी असलेली साइट उघडलेली नव्हती, शाळेच्या फिल्टरला त्यात वावगे काही सापडले नसते, आणि अर्ध्या तासात अहवालाच्या मात्र दोन ओळी झाल्या होत्या. (मला प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हेच करत होतो.)

म्हणून तास मोजण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली मोठ्या मुलांसाठीचा ‘दिवसाला दोन तास स्क्रीन’ हा जुना आकडा सोडून दिला. काम आणि करमणूक एकाच खिडकीत असताना घड्याळ लावून दोन्ही वेगळी होत नाहीत. ती वेगळी होतात कामाचा क्रम ठरवल्याने. बसल्याबरोबर क्रोमबुक उघडायचे नाही. आधी आज काय काय करायचे आहे ते कागदावर लिहायचे आणि त्यातल्या कोणत्या कामाला यंत्र लागते त्यावर खूण करायची. गणिते वहीत सोडवून शेवटी फोटो चढवता येतो, निबंधाचे मुद्दे हाताने काढता येतात, शिक्षकांचा व्हिडिओ एकदा पूर्ण पाहून बंद करता येतो. बहुतेक वेळा यंत्राची खरी गरज पंचवीस-तीस मिनिटांचीच निघते, आणि ती मिनिटे बैठकीच्या खोलीत, स्क्रीन सर्वांना दिसेल अशा बाजूला वळवून घालवावीत. त्यासाठी काचेचे दार असण्याची गरज नाही.

नियंत्रणाच्या सोयींबद्दल थोडक्यात. फॅमिली लिंक हे गूगलचे पालकांसाठीचे अ‍ॅप घरच्या उपकरणांवर उपयोगी आहे, पण शाळेचे क्रोमबुक शाळाच चालवते, तिथे आपली सत्ता चालत नाही. राउटरवरून यूट्यूब बंद केले तर शिक्षकांचा व्हिडिओही बंद होतो, आणि सहावीच्या मुलाला फोनचे हॉटस्पॉट माहीत असतेच. फोन मात्र सरळ दुसऱ्या खोलीत ठेवावा. कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक शाळा-जिल्ह्याला शाळेतल्या स्मार्टफोनवर मर्यादा घालणारे धोरण आखणे बंधनकारक ठरले; घरचे धोरण आपल्यालाच आखावे लागेल.

आता एका नाजूक गोष्टीविषयी, जी इथल्या शिक्षकांना सांगून समजणार नाही. उन्हाळ्यात इथे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच होतात तेव्हा पुण्यात सकाळचे सहा वाजलेले असतात, आजीचा पहिला चहा झालेला असतो आणि व्हिडिओ कॉल येतो. मुलगा फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवतो. आजी म्हणते, “तू लिही रे, मी नुसती बघते.” हा स्क्रीन टाइम म्हणायचा का? मी म्हणणार नाही, आणि तो तोडायलाही सांगणार नाही. पण त्या अर्ध्या तासात गणिते होत नाहीत हेही खरे आहे. आजीला स्पष्ट सांगितले तर ती दुखावत नाही. कॉल गृहपाठाच्या आधी दहा मिनिटे ठेवावा किंवा आजीलाच काम द्यावे. पाचवी-सहावीला अपूर्णांक असतात आणि ज्या आजींनी पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ केली आहे, त्यांना ‘पाच पाऊण किती?’ असे विचारायला फार आवडते. उत्तर पावणेचार, हे मुलाला वहीत मांडून सिद्ध करावे लागते, अंश आणि छेद हे शब्द कानावर पडतात, आणि तेवढा वेळ दुसरी कोणतीही खिडकी उघडली जात नाही. नोव्हेंबरात इथली घड्याळे एक तास मागे गेली की हाच कॉल आपल्याकडे साडेचारला येऊ लागतो; तेव्हा वेळ पुन्हा ठरवून घ्यावी, नाहीतर शाळेतून आल्यावरचे खाणेही फोनसमोरच होते.

शेवटची वेळही घरानेच ठरवावी. शाळा गृहपाठासाठी वापरते त्या गूगल क्लासरूमवर काम जमा करण्याची मुदत पुष्कळदा रात्री ११:५९ अशी दिसते आणि मुले ती प्रामाणिकपणे खरी मानतात. आपल्या घरांत साडेआठला भारतातल्या टीमबरोबरच्या मीटिंग सुरू होतात. आई एका खोलीत, बाबा दुसऱ्या खोलीत, दोघेही हेडफोन लावून. त्यानंतर मुलाजवळ कोणीच नसते, आणि ‘तू स्क्रीन बंद कर’ हे स्वतःच्या स्क्रीनवरून मान न उचलता सांगावे लागते. म्हणून आठ वाजता यंत्र बंद, हा नियम मला व्यवहार्य वाटतो.

आठला गृहपाठ अपुरा राहिला तर काय, असे या आईंनी पत्राच्या शेवटी विचारले आहे. तर तो अपुराच राहू द्यावा. मुलाने शिक्षकांना दोन ओळींचा ईमेल स्वतः लिहावा: किती वेळ बसलो, किती झाले, कुठे अडले. सहावीत एखादे काम एक दिवस उशिरा गेल्याने फारसे बिघडत नाही, आणि एका तासाच्या कामाला खरोखर तीन तास लागत असतील, तर ते शिक्षकांना कळायलाच हवे.