काचेच्या फसाडमध्ये गोल्डन रेशो कुठे लावायचा?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. माझ्या ऑफिस बिल्डिंगच्या फसाडचं, म्हणजे दर्शनी बाजूचं, प्रत्येक काचेचं पॅनेल मी गोल्डन रेशोत, म्हणजे रुंदीला उंची १:१.६१८ अशी ठेवलंय, तरी थ्रीडी व्ह्यूमध्ये तो रेशो जाणवतच नाही आणि सर म्हणतात काच खूप वाया जाईल. माझं गणित कुठे चुकलं?

उत्तर : गणित बरोबरच आहे, जागा चुकलीये. बिल्डिंग आपण बहुतेक वेळा तिरकी बघतो आणि तिरकं बघितलं की पॅनेलची रुंदी आखडते, मग १.६१८ फक्त ड्रॉइंगवर उरतो. पॅरिसच्या लूव्र म्युझियमचा काचेचा पिरॅमिड घ्या, आर्किटेक्ट आय. एम. पेईंचा, १९८९ चा. तो लक्षात राहतो साधारण ३५ मीटर पाया आणि २१.६ मीटर उंची ह्या अख्ख्या आकारामुळे, ६७३ काचांमधली एकेक काच कोण मापतंय!

आता सरांचा मुद्दा. फ्लोट ग्लासची, म्हणजे नेहमीच्या सपाट काचेची, कारखान्यातून येणारी मोठी जंबो शीट ६ बाय ३.२१ मीटर असते. तुमचं पॅनेल १.५ रुंद धरलं तर उंची २.४३ येते, आडवं लावा उभं लावा, शीटमधून चारच निघतात आणि जवळपास पाव काच गेली.

म्हणून रेशो मजल्याच्या उंचीत लावा. ३.९ मीटरचा मजला असेल तर २.४१ पारदर्शक काच आणि १.४९ स्पँड्रल (स्लॅब झाकणारा अपारदर्शक पट्टा), ही आडवी विभागणी बाजूने बघितलं तरी टिकते. रुंदी मात्र शीटला विचारून ठरवायची, १.०५ घेतली तर तीन शेजारी बसतात, अशा दोन ओळी आणि उरलेल्या पट्टीत अजून एक आडवी, म्हणजे सात काचा आणि वाया दहावा भागही नाही. जोसेफ पॅक्स्टनने १८५१ ला लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा काचेचा प्रदर्शन हॉल असाच केला, त्याला ४९ इंच लांबीची काच मिळत होती, छताची मापं त्यावरून ठरली आणि सगळी बिल्डिंग २४ फुटांच्या ग्रिडवर बसली. मला तर ही पद्धत अजूनही सगळ्यात सुंदर वाटते.

फक्त मापं सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरा हं. काच १.०५ आणि सांधा २० मिलिमीटर म्हणजे ग्रिड १.०७ झालं, हे विसरलात तर चाळीस पॅनेलनंतर ८० सेंटिमीटरचा फरक पडतो आणि कोपऱ्यावर अर्धवट तुकडा लावायची वेळ येते.