भांडणानंतरचा अर्धा तास

«ताई, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दोन वर्षं एमडी (मेफेड्रोन, उत्तेजक नशेची पावडर) घेत होता. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, पाच महिने हात लावला नाही. बाबांचा विश्वास नाही. कधीही, अगदी जेवता जेवता उठून, त्याचे बूट उलटे करून झटकतात. मागच्या रविवारी कर्जाच्या हप्त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो तडक बाहेर पडला आणि रात्री घेऊनच आला. म्हणतो, डोकं फुटत होतं, ते फक्त थांबवायचं होतं. बाबा म्हणतात, भांडण हे नुसतं निमित्त. खरं कोणाचं? – एक बहीण, पिंपरी»

अगं, दोघांचंही थोडं थोडं. पण भाऊ नाटक करत नाहीये, हे आधी मनात पक्कं कर.

आवाज चढला की मेंदूतून निरोप सुटतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. रक्तात त्याचा भर यायला साधारण २०-३० मिनिटं लागतात. हे तुझ्याही अंगात झालं असणार. पण ज्या मेंदूला उत्तेजक नशेची चटक लागलेली आहे, तिथे ताण आणि तलफ एकाच वाटेने येतात. फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं, की ज्या उंदरांना अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजकाची फारशी ओढ नव्हती, त्यांना ताणाचं संप्रेरक टोचलं तर तेही ते घ्यायला लागतात. कॅनडात मॉन्ट्रियलला कोकेन सुटलेल्या उंदरांच्या पायांना अधूनमधून हलका शॉक दिला. कधी बसेल याचा नेम नाही. ज्या कळीतून पूर्वी कोकेन मिळायचं, ती उंदीर पुन्हा दाबायला लागले. तिथे तर मुख्य काम कॉर्टिसॉलच्याही आधी मेंदूतच सुटणाऱ्या सीआरएफ नावाच्या रसायनाचं निघालं.

उंदरांचं सोड म्हणशील. पण अमेरिकेत येल विद्यापीठात कोकेन सोडू पाहणाऱ्या माणसांना त्यांच्याच आयुष्यातला तापदायक प्रसंग ऐकवला, तेव्हा तलफ आणि कॉर्टिसॉल दोन्ही वाढलं. समोर पावडर नव्हती की विकणारा नव्हता.

म्हणून मला तुझ्या पत्रात भांडणापेक्षा ते बूट जास्त खुपले. त्या शॉकसारखाच झडतीचाही नेम नाही, पाच महिने तो माणूस जेवताना कान दाराकडे लावून बसलाय. बाबांची भीती मला कळते, पण बूट झटकून त्यांना काय सापडलं? तपासणी हवीच असेल तर केंद्राच्या माणसाशी बोलून लघवीची चाचणी ठरवून घ्या, तीही भावाच्या संमतीने. घरात झडती नको.

आता भावाची बाजूही फार घेत नाही. शरीरात हे होतं म्हणून घेतलेल्याची जबाबदारी टळत नाही, हप्ताही त्यानेच भरायचा. घरात भांडणच होऊ नये असा नियम करू नका, तो चार दिवस टिकेल. ठरवायचं ते भांडणानंतरच्या अर्ध्या तासाचं: तेव्हा त्याने एकट्याने बाहेर पडायचं नाही, फोनवरचं पैशाचं अ‍ॅप तुझ्याकडे, आणि केंद्रातल्या ज्या मित्राला फोन करायचा त्याचा नंबर आधीच ठरलेला. हे त्याच्याशी बसून ठरव, तो शांत असताना. विकणाऱ्याचा नंबर त्यानेच तुझ्यासमोर काढून टाकू दे.

कॉर्टिसॉल उतरवणारी गोळी घेऊन हे व्यसन सुटत नाही. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर अश्वगंधेचा उपाय पाठवला तर त्याच्या भरवशावर राहू नका. याच आठवड्यात त्याला केंद्रात परत ने. एकदा घसरला म्हणून तिथे कुणी दार लावून घेत नाही. मार्ग सुचला नाही तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन कर, तो मोफत आहे. उत्तेजकं सुटताना मन फार खाली जातं. जीव नकोसा झाल्याचं बोलला किंवा छातीत दुखतंय म्हणाला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि बुटांचं बाबांना तू सांगू नकोस. 'तू लहान आहेस' म्हणून उडवून लावतील. केंद्रात पालकांची बैठक असते, तिथे त्यांना ने आणि समुपदेशकाला आधीच फोन करून ठेव.