‘वॉटर मोल’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा होता की ऑस्ट्रेलियाच्या एका जुन्या प्रवासवर्णनात नदीकाठी ‘वॉटर मोल’ दिसल्याचं लिहिलंय, तर हा कुठला प्राणी आणि मराठीत त्याला पाणचिचुंद्री म्हटलं तर चालेल का.

तो प्लॅटिपस आहे हो, बदकासारखी चोच असलेला ऑस्ट्रेलियातला सस्तन प्राणी! न्यू साउथ वेल्समधले सुरुवातीचे इंग्रज त्याला सर्रास वॉटर मोल म्हणायचे, कुणी डकबिल म्हणायचं, कुणी दोन्ही जोडून डकमोल. मोल म्हणजे त्यांच्याकडचा जमिनीत बिळं खणून राहणारा छोटा केसाळ प्राणी, आणि मोल म्हणण्यात त्यांचं फार काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण दाट मऊ लव, बारीकसे डोळे, काठावर बीळ खणून राहणं, सगळं त्यांच्याकडच्या मोलसारखंच. त्याचा पुढचा पाय बघा, पोहताना बोटांमधला पडदा नखांच्याही पुढे पसरतो, वल्हंच जणू, आणि जमिनीवर आला की तोच पडदा आत दुमडतो आणि खणायची नखं मोकळी होतात. म्हणजे ‘वॉटर’ आणि ‘मोल’ दोन्ही एकाच पंजात.

आता प्लॅटिपस नावाची गंमत. 1798 मध्ये तिथला गव्हर्नर जॉन हंटर याने या प्राण्याचं कातडं इंग्लंडला पाठवलं, 1799 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने त्याला प्लॅटिपस अ‍ॅनाटिनस म्हटलं, म्हणजे सपाट पायाचा, बदकासारखा (हा बनाव तर नाही ना, अशी शंका त्याने स्वतःच लिहून ठेवलीये). पण प्लॅटिपस हे नाव 1793 मध्येच एका भुंग्याला देऊन झालं होतं! मग जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने 1800 मध्ये दिलेलं ऑर्निथोर्‍हिंकस, म्हणजे पक्ष्याच्या चोचीचा, हे पहिलं नाव आणि शॉचं अ‍ॅनाटिनस हे दुसरं असं शास्त्रीय नाव ठरलं, आणि भुंग्याचं नाव लोकांच्या तोंडी मात्र या प्राण्यालाच चिकटलं.

खरा पाण्यातला मोल वेगळाच आहे, रशियातला डेसमन. तो मोलच्याच कुळातला, पोहणारा, पण त्याचं नाव आलं स्वीडिशमधल्या कस्तुरी-उंदीर अशा अर्थाच्या शब्दावरून! म्हणजे जो मोल नाही तो मोल आणि जो आहे तो उंदीर. ऑस्ट्रेलियात ‘वॉटर रॅट’ असं वाचलंत तर तिथे मात्र खरोखरच उंदराच्या कुळातला प्राणी असतो, आता त्याला राकाली म्हणतात, तेव्हा या दोन नावांची गल्लत करू नका.

भाषांतराचं म्हणाल तर पाणचिचुंद्री नको. पाणमांजर, पाणघोडा ही नावं रुळलेली आहेत, त्यात कुणी खरं मांजर किंवा घोडा शोधत नाही, पण पाणचिचुंद्री वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर चिचुंद्रीच येणार, आणि चिचुंद्री म्हणजे मोलसुद्धा नव्हे. मी तर पहिल्यांदा येईल तिथे ‘वॉटर मोल, म्हणजे प्लॅटिपस’ असं लिहीन आणि पुढे सरळ प्लॅटिपस.