वाचकांचे प्रश्न : रानातला उजेड आणि कॅमेरा

मागील अंकात आम्ही नैसर्गिक उजेडातील निसर्गछायाचित्रणाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. खानापूर, बेळगाव, गोकाक, निपाणी आणि परिसरातील गावांतून पत्रे आली. ती वाचताना जाणवले की बहुतेकांचा कॅमेरा कामापुरता पुरेसा आहे. अडचण येते ती दुसऱ्या मुलखातल्या उजेडाचे नियम आपल्या रानाला लावल्यामुळे. त्या दृष्टीने निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सूर्योदयानंतरचा पहिला तास सोनेरी उजेडाचा असतो, असे मी सर्वत्र वाचले आहे. मी उजाडल्यावर घरातील कामे उरकून पाऊण तासात शेताच्या बांधावर पोहोचते, परंतु तोवर ऊन पांढरे झालेले असते. माझे नेमके काय चुकते?
(खानापूर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपले काही चुकत नाही, तो ‘एक तास’ आपल्याकडचा नाही. सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर ओलांडून यावे लागते, त्यात निळा भाग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा उजेड पोहोचतो. सूर्य साधारण सहा अंश वर चढेपर्यंत हा रंग चांगला टिकतो. आता प्रश्न उरतो तो सहा अंश चढायला किती वेळ लागतो याचा. लंडनसारख्या उत्तरेकडील शहरात सूर्य तिरका, रेंगाळत वर येतो, आणि डिसेंबरात तर भर दुपारीही तो पंधरा अंशांच्या आसपासच असतो. बेळगाव मात्र विषुववृत्तापासून जेमतेम १६ अंशांवर आहे. येथे सूर्य जवळजवळ सरळ उभा चढतो आणि ते सहा अंश २५ ते २८ मिनिटांत पार करतो. डिसेंबरातील सर्वांत बुटक्या दिवशीही दुपारी तो ५० अंशांवर असतो. म्हणजे आपला सोनेरी तास हा खरे तर अर्धा तास आहे, आणि आपण पोहोचता तेव्हा तो संपलेला असतो.

यावर उपाय एकच : तांबडे फुटण्यापूर्वी जागेवर असणे. सूर्योदयाआधीची वीस-बावीस मिनिटेही वाया जात नाहीत. त्या वेळी आकाश हाच एक प्रचंड मोठा दिवा असतो, सावल्या नसतात आणि भाताच्या खाचरातील साचलेल्या पाण्यात वरचा सगळा रंग उतरतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाला बांधावर असणे पुरेसे आहे.

आपल्या तालुक्याला एक सोय आणि एक गैरसोय आहे. सह्याद्रीची रांग आपल्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन पूर्वेच्या मोकळ्या बाजूने अडथळ्याविना येते. संध्याकाळी मात्र डोंगराच्या पायथ्याच्या गावांत सूर्य पंचांगातील वेळेच्या बराच आधी कड्याआड जातो आणि सोनेरी ऊन पडतच नाही. म्हणून पायथ्याशी राहणाऱ्यांनी सकाळ धरावी. कार्तिक ते पौष या काळात खाचरांवर धुके असेल तर आपल्याला आणखी अर्धा-पाऊण तास मिळतो, कारण धुके उन्हाची धार बोथट करते. अशा वेळी सूर्याकडे पाठ न करता त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे; गवताच्या पात्यावरील दहिवर आणि कोळ्याचे जाळे त्यांच्या पाठीमागून येणाऱ्या उजेडातच पेटल्यासारखे दिसते. धुक्याच्या पांढरेपणामुळे कॅमेरा फसतो आणि चित्र मळकट राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (चित्रात घ्यायच्या उजेडाचे माप) एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवून घ्यावे.

प्रश्न : जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात जातो. झाडीत शिरल्यावर उजेड इतका कमी होतो की एकही चित्र स्थिर येत नाही. मित्र फ्लॅश वापरायला सांगतात. फ्लॅशशिवाय काम होणारच नाही का?
(बेळगाव शहरातील एक वाचक)

उत्तर : होते, आणि माझ्या मते पावसाळी रानाचे खरे चित्र फ्लॅशशिवायच होते. पण आधी उजेड किती आहे ते आकड्यात पाहू, म्हणजे अंधारात चाचपडल्यासारखे वाटणार नाही. सदाहरित झाडीच्या दाट छताखाली उघड्यावरच्या उजेडाचा शेकडा एक ते दोन भागच जमिनीपर्यंत उतरतो; छायाचित्रणाच्या भाषेत तो सुमारे सहा स्टॉप कमी असतो. दाट मळभाच्या दिवशी उघड्या सड्यावर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० आणि लेन्सचे छिद्र एफ ५.६ ठेवले तर शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, साधारण १/१६०० सेकंद मिळते. त्याच सेटिंगवर आपण झाडीत शिरलात की ते सहा वेळा अर्धे होत १/२५ सेकंदावर येते. लांब लेन्स हातात धरून १/२५ वर स्थिर चित्र येणे अवघडच. त्यात आपला दोष नाही. आयएसओ ६४०० केले की १/१०० मिळते, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक कॅमेरे ६४०० वर छापण्याजोगे चित्र देतात. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही. म्हणून आयएसओ वाढवण्याची भीती सोडावी.

त्यानंतर आधार. निसरड्या उतारावर तीन पायांचा स्टँड मांडण्यापेक्षा एकपायी मोनोपॉड सोयीचा पडतो. तोही नसेल तर जाड कापडाच्या पिशवीत किलो-दोन किलो तांदूळ भरून ती दगडावर किंवा वाकलेल्या खोडावर ठेवावी आणि तिच्यात लेन्स रुतवावी. भिजू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधावी. प्राणी-पक्षी सतत हलत नाहीत. पक्षी मान वळवतो, थबकतो, पुन्हा वळवतो. ते थबकणे ओळखून बटण दाबले तर १/६० वरही डोळा खणखणीत येतो. तीन-चार चित्रांची छोटी मालिका घ्यावी, तिच्यातील दुसरे-तिसरे बहुधा सर्वांत स्थिर असते, कारण बोट दाबण्याचा धक्का पहिल्या चित्रात खर्ची पडतो.

हिरव्या छताखालचा उजेड स्वतःच हिरवा असतो, त्यामुळे कातडी, दगड आणि पांढरी फुले हिरवट येतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ चित्र) घेतली असेल तर हा रंग नंतर काढता येतो. मात्र सगळा हिरवा काढू नये. थोडा राहू द्यावा, कारण त्या जागेचा उजेडच तसा होता.

फ्लॅशविषयी माझे मत ठाम आहे. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो. त्यामुळे समोरचा प्राणी उजळतो, मागचे रान काळेकुट्ट होते आणि भर दुपारी घेतलेले चित्र मध्यरात्रीचे वाटते. लेन्सच्या जवळून पडणारे पावसाचे थेंब पांढरे ठिपके होऊन उमटतात, ओल्या शेवाळावर आणि पानांवर चकाकीचे डाग पडतात. ज्या ओलसर, मऊ अंधुकपणासाठी आपण कणकुंबीपर्यंत गेलात, नेमका तोच पुसला जातो.

एक अनुभव सांगतो. जांबोटीच्या पुढे रस्त्यापासून थोड्या आत एका ओढ्याकाठी श्रावणात सकाळपासून बसलो होतो. समोरच्या ओल्या दगडावर शीळकरी कस्तूर येत-जात होता. सावलीत तो पक्षी चक्क काळा दिसतो, कावळ्याच्या पिलासारखा, आणि दीड तास तो तसाच काळा दिसत होता. मग ढग क्षणभर फाटला, वरच्या जांभळाच्या फांद्यांतून हातभर रुंदीचा एक कवडसा खाली आला, पाण्यावरून सरकत दगडावर चढला आणि कस्तुराच्या खांद्यावर थांबला. कपाळ आणि खांदा एकदम निळे झाले. मोरपिसाहून गडद आणि धातूसारखे चमकते. तो निळा कुठल्या रंगद्रव्याचा नाही. तो पिसाच्या बारीक रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा असतो, म्हणून उजेड योग्य कोनातून आला तरच दिसतो. मला तीन चित्रे मिळाली. तेव्हा उपयोगी पडली ती एकच गोष्ट : कवडसा दगडाच्या दिशेने सरकू लागला तेव्हाच मी एक्स्पोजर भोवतालच्या झाडीवरून न घेता त्या उजळ पट्ट्यावरून घेऊन ठेवले होते. झाडीवरून घेतले असते तर निळ्याच्या जागी पांढरा डाग आला असता.

आपणही एकदा असे करून पाहावे. चार तासांत चार ठिकाणे फिरण्यापेक्षा एकाच ओढ्यावर चार तास बसावे आणि कवडसे कुठून कुठे सरकतात हे वहीत टिपावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते जवळपास त्याच जागी येतात.

प्रश्न : उसाच्या रानात नांगरट चालू असताना बगळे येतात. त्यांची चित्रे घेतली की पिसे नुसती पांढरी फट्ट येतात, एकही पीस वेगळे दिसत नाही.
(निपाणीजवळील एक शेतकरी वाचक)

उत्तर : कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम राखाडी करू पाहतो. ओल्या काळ्या मातीने चौकट भरलेली असली की त्याला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो. म्हणून त्याच्या सरासरीवर विसंबू नये, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून माप स्वतः ठरवावे. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि छिद्र एफ ८ असता १/१६०० सेकंद हे सर्वसाधारण माप आहे. पांढऱ्या पिसांसाठी ते १/३२०० करावे आणि तेथेच राहू द्यावे. मग बगळा मातीवर असो, उसाच्या हिरव्यावर असो वा आकाशात उडो, ऊन बदलत नाही तोवर माप बदलत नाही. त्याच ट्रॅक्टरमागे कोतवाल आला तर काळ्या पिसांतील तपशिलासाठी १/८०० करावे. नांगरट सकाळी आठच्या आत सुरू होत असेल तर उत्तम. तिरप्या उन्हात प्रत्येक पिसाला स्वतःची सावली मिळते.

प्रश्न : गोकाकचा धबधबा दुपारीच पाहता येतो, कारण आम्ही एसटीने येतो. दुपारच्या उन्हात काय करावे?
(अथणी येथील एक महाविद्यालयीन वाचक)

उत्तर : घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि पावसाळ्यात ते मातीने तांबडे असते. हा तांबडा रंग मळभात फार सुंदर येतो, म्हणून दुपार असली तरी ढगाळ दिवस निवडावा. पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवावे. रेशमासारखा पदर हवा असेल तर कॅमेरा टेकवून १/४ सेकंदाच्या आसपास जावे. गोकाकच्या लोंढ्याला पहिलाच प्रकार शोभतो असे मला वाटते. इतक्या रागीट पाण्याचे रेशीम करू नये. पोलरायझर फिल्टर असेल तर तो फिरवून ओल्या खडकावरची चकाकी घालवता येते, मात्र तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. ऊन असेल तर सूर्याकडे पाठ करून तुषारांत इंद्रधनुष्य शोधावे. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असताना सपाट जमिनीवरून आकाशात ते दिसत नाही, परंतु कड्यावरून खाली दरीतल्या तुषारांकडे पाहिले तर भर दुपारीही दिसते. कडा ओला आणि निसरडा असतो, तेव्हा कठड्याच्या आतूनच चित्र घ्यावे.

प्रश्न : बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांची चित्रे फक्त विजेरीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत असा आमचा विचार आहे. योग्य ठरेल का?
(खानापूर येथील दोन मित्र)

उत्तर : नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. ही गुहा ज्या भीमगड अभयारण्यात आहे, ते २०११ मध्ये घोषित झाले. त्या परिसरातील गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले आणि आजही जगात अगदी मोजक्या ठिकाणीच त्याची नोंद आहे. विजेरीचा उजेड फ्लॅशपेक्षा सौम्य असतो हा समज येथे लागू पडत नाही. फ्लॅश क्षणात विझतो, विजेरी पेटलेली राहते, आणि दिवसा झोपलेल्या वटवाघळांना ती जागे करून उडायला लावते. त्यात त्यांची साठवलेली शक्ती खर्च होते. पिले अंगाला बिलगलेली असताना तर ती पडून मरण्याचा धोका असतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गुहेत नैसर्गिक उजेड पोहोचत नाही, म्हणून नैसर्गिक उजेडात काम करणाऱ्याने तेथे जाण्याचे कारणच उरत नाही.

आपल्याला वटवाघळेच हवी असतील तर गावाजवळच्या वडा-पिंपळावर दिवसभर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे पाहावीत. झाडाखाली आवाज न करता, पश्चिमेकडे मोकळे आकाश दिसेल अशा जागी कातरवेळी उभे राहावे. ती एकेक करून सुटू लागतात. एक्स्पोजर आकाशावरून घ्यावे, शटर १/५०० च्या खाली येऊ देऊ नये आणि उजेड उतरेल तसे आयएसओ ८०० पासून ६४०० पर्यंत वाढवत जावे. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांत घडते. वटवाघूळ पंख पूर्ण पसरून मावळतीच्या समोरून गेले की पंखाच्या पातळ कातडीतून तांबूस उजेड आरपार येतो आणि बोटांची हाडे छत्रीच्या काड्यांसारखी एकेक मोजता येतात.