वांग्याचा काही दोष नव्हता, ताई

ताई, तुमचे तीन प्रश्न वाचले. यजमानांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पांढऱ्या खपल्यांचे चट्टे आले, डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला, तर तो झाला कशाने? सासूबाई म्हणतात तसं दूध आणि मासोळी एकत्र खाल्ल्याने? आणि लेकीला होईल का?

मला हा आजार 23 वर्षांपासून आहे. माझ्या आईने खापर वांग्यावर फोडलं होतं. "पंगतीत दाबून वांगं खाल्लं, मंग काय होईन!" त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात भरीत झालं नाही. चट्टे होते तिथेच राहिले.

दूध-मासोळीनेही होत नाही. रक्तही 'खराब' होत नाही, त्यामुळे रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालू नका. जंतूंशी लढायला अंगात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या काही उगाच खवळतात आणि कातडीत दाह सुरू करतात. एरवी कातडीची पेशी तळातून वर यायला महिनाभर घेते, इथे ती तीन ते पाच दिवसांत वर येते. कच्च्या पेशींचा थर साचतो, त्याच या खपल्या.

या खवळण्याचा कल जन्मतःच असतो. त्यामागे एक नाही, बरीच जनुकं आहेत. पण नुसती जनुकं पुरत नाहीत. जुळ्या, अगदी एकसारख्या भावांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला कधीकधी आयुष्यभर होत नाही. लेकीचं म्हणाल तर आईबापांपैकी एकालाच असेल तेव्हा शंभरात साधारण दहा मुलांना होतो. म्हणजे नव्वद सुटतात. आतापासून तिच्या अंगावर डाग शोधत बसू नका.

बी आधीच पडलेलं असतं, आपल्याला फक्त पाऊस कधी आला ते आठवतं. लहान मुलांत, तरुणांत हा पाऊस पुष्कळदा घशाच्या जंतुसंसर्गाचा असतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे ठिपके उठतात. माझ्या बाबतीत तो कापसाच्या वेचणीतून आला. पऱ्हाटीचं बोंड वाळलं की त्याची टोकं कशी टोचतात ते तुम्हाला सांगायला नको. मनगटावर ओरखडे पडले आणि पंधरा दिवसांत नेमके त्याच रेषांवर चट्टे. मला वाटलं करणीबिरणी! पुढे कळलं की हा प्रकार कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवला आहे. तेव्हापासून वेचणीला मी फुल बाह्यांचा शर्ट घालतो, रात्री व्हॅसलीन चोळतो.

थंडी, दारू, बिडी-सिगारेट, वाढलेलं वजन, काळजी, यांनीही आजार उसळतो. 2017 ला गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यात माझी सगळी पाठ भरली. कर्जाने, थंडीने, की मी रोज घ्यायला लागलो होतो त्या दारूने? तिन्ही एकदमच चालू होतं, कोणाला धरणार?

काही गोळ्यांनीही वाढतो: बीपीच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर), मानसिक आजारावरचं लिथियम, मलेरियावरची क्लोरोक्विन. पण डॉक्टरांना न विचारता यातलं काही बंद करू नका.

सगळ्यात वाईट अनुभव एका पुडीचा. एका गावी एकजण 'जडीबुटी' द्यायचा. पंधरा दिवसांत कातडी आरशासारखी झाली, मी गावभर त्याचे गोडवे गायलो. पुड्या संपल्या आणि आठवड्यात ताप, अंग लाल, वर पूचे बारीक फोड. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पुडीत बहुधा स्टेरॉईड, म्हणजे दाह झटपट दाबणारं औषध होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सोरायसिसमध्ये स्टेरॉईडच्या गोळ्या एकदम बंद झाल्या की असं होऊ शकतं. मेडिकलवाल्याला विचारून गजकर्णाची मलमं आणता ना, त्यातल्या कितीतरींत स्टेरॉईड असतं, तीही लावू नका.

आणि यजमानांचा पेला-ताट वेगळं ठेवलं असेल तर आजच एकत्र करा. हा आजार स्पर्शाने होत नाही. लोकांना कुष्ठरोगाची शंका येते, पण त्यातला चट्टा बहुतेक वेळा बधिर असतो, सोरायसिसचा नसतो.

आता तुम्ही मला एवढं सांगा: सकाळी उठल्यावर त्यांची बोटं आखडतात का, टाच दुखते का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? हा आजार सांध्यांतही उतरतो. तसं असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी तेच सांगा, आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत न्या.